फिटरबाईने बसवलेला एन्कोडर

वर्कशॉपमध्ये तिला सगळे फिटरबाई म्हणत. वडील त्याच शेडमध्ये फिटर होते. ते गेल्यावर त्यांचे पान्हे, कानशी आणि घराचा भार असं सगळं एकदमच तिच्या हाती आलं. लग्नाचं बघू, बघू म्हणता चाळिशी उलटली. आधी धाकट्या भावाचं शिक्षण होतं, मग आईचे गुडघे. भाऊ शिकून लांब गेला, गुडघे तेवढे राहिले. "माझं लग्न मिलिंग मशीनशी लागलंय," असं ती स्वतःच म्हणायची आणि समोरच्याच्या आधी हसून घ्यायची.

ते मशीन पट्ट्यावर चालायचं. मोटर एकीकडे, हत्यार फिरवणारं स्पिंडल दुसरीकडे, मधे पट्टा. इतर कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण भोकात आटे पाडायची वेळ आली की रडायचं. आटे पाडणारा टॅप जेवढा फिरेल तेवढाच खाली उतरायला हवा. इथे पट्टा मधेच जरासा घसरायचा, स्पिंडल नक्की किती फिरलं ते मशीनच्या कंट्रोलला कळायचं नाही, आणि टॅप कडकन आत मोडायचा. शेवटी मालकांनी स्पिंडलचे फेरे मोजणारा एन्कोडर लावायचं ठरवलं. जोडणी तिची, वायरिंग बाहेरून येणाऱ्या वायरमनचं.

वायरमन विधुर होता, तिच्याहून थोडा मोठा. शेडमध्ये लहानथोर सगळे त्याला दादा म्हणत. तिच्या तोंडात मात्र तो शब्द येईना. "अहो, जरा टॉर्च धरता का?" असं पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिचे कान तापले. त्याला काहीच जाणवलं नाही. त्याने टॉर्च धरला.

स्पिंडलच्या वरच्या टोकातून हत्यार आवळणारा दांडा जात होता, त्यामुळे एन्कोडर टोकावर बसेना. तिने एका दातेरी पुलीचं भोक मोठं करून ती स्पिंडलवर कड्यासारखी चढवली. शेजारी ब्रॅकेटवर एन्कोडर, त्याला तेवढ्याच दात्यांची पुली, आणि दोन्हींवर अरुंद दातेरी पट्टा. दात्यात दाता अडकल्यावर घसरायचा प्रश्न नाही. पहिल्यांदा पुली वाकडी फिरली आणि वाकडेपणा मोजणाऱ्या डायलचा काटा थुईथुई नाचू लागला.

"नाचू द्या की. हौस असते एकेकाला," वायरमन म्हणाला.

"त्याची हौस होते आणि टॅप माझा मोडतो," म्हणत तिने पुली उतरवली.

दुपारी डबे एकत्र उघडू लागले. तो बायकोबद्दल बोलायचा. "घरात पाऊल टाकलं की आधी रेडिओ लावतो. काय लागलंय ते ऐकत नाही. कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं." ती ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी आईला सांगायची. वायरमन काय म्हणाला, वायरमन कसा हसला.

"आज केस दोनदा विंचरलेस," आई एका सकाळी म्हणाली.

"गुंता झाला होता."

"झाला असेल हो. त्यांना एकदा चहाला बोलव. मी काही विचारणार नाही, नुसती बघेन."

"आई, तुझं आपलं काहीतरीच!"

जोडणी झाली, पण स्पिंडल उभं असतानाही पडद्यावरचा आकडा हलत होता. काम लांबलं. मालक चरफडले, तिला मात्र देव पावला. अखेर वायरमनला दोष सापडला. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलला चिकटून एकाच पाइपातून आली होती. त्याने ती वेगळ्या वाटेने फिरवून आणली आणि आकडा गप्प झाला.

मग तिने भोकं पाडलेली जाड लोखंडी पट्टी मशीनवर बांधली आणि मशीन चालू केलं. टॅप फिरत आत गेला, थांबला, उलटा फिरून सबंध बाहेर आला. एक भोक, दुसरं, सगळी. बोल्ट बोटाने फिरवला तर लोण्यात गेल्यासारखा गेला. शेडमध्ये टाळ्या पडल्या. हात पुसताना तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. आज घरी चहाला याल का? आईने सकाळीच माळ्यावरचे चांगले कप काढून धुतले होते.

"तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगतो," इतक्यात वायरमनच म्हणाला. "माझं ठरलं. बहिणीच्या ओळखीतली आहे, शाळेत शिकवते. मी नकोच म्हणत होतो, पण तुमच्याकडे बघून निर्णय घेतला."

"माझ्याकडे?"

"तुम्ही एकट्या किती खंबीर! तुम्हाला कुणाची गरजच लागत नाही. आपल्याला ते जमणारं नाही, हे तुमच्याशी बोलता बोलता कळलं. लग्नाला यायचं बरं का, ताई."

ताई. तोवर ती फिटरबाई होती.

"छान झालं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिने पान्हा उचलला आणि ब्रॅकेटचे आवळलेले बोल्ट पुन्हा आवळत बसली.

घरी आई खुर्चीत नीटनेटकी बसली होती. तिने दाराकडे, मुलीच्या मागे पाहिलं. "एकटीच?"

"त्यांचं लग्न ठरलंय, आई."

आईने समोरच्या कपांवर फडकं टाकलं. मग म्हणाली, "माझंच चुकलं गं. मीच तुला अडकवून ठेवलं."

तिथवर ती सावरून होती. त्या वाक्याने मात्र बांध फुटला. चपला न काढता, तेलकट हातांनीच तिने आईच्या मांडीत डोकं खुपसलं. "नाही गं आई," एवढं म्हणायला हवं होतं. ओठांवर आलंही. पण त्यात थोडं खरं होतं, म्हणून ते बाहेर पडेना. आई नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

लग्नाला ती गेली. नवरी साधी, हसरी होती. वाईट असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आई भिंतीला धरून धरून स्वयंपाक करू लागली. रविवारी तर लेकीला ओट्यापाशी येऊच द्यायची नाही. "जा, जरा चार माणसांत फिरून ये. इथलं मी बघते." तिला जायला कुठेच नसायचं. ती बाजाराला एक फेरी मारायची, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसायची. परत आल्यावर आई उत्सुकतेने विचारायची, "भेटलं का कुणी?"

"हो," ती सांगायची. "खूप गप्पा झाल्या."