एकच तारा

शेजारच्या काकांनी स्टील प्लांटमधल्या नोकरीच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि स्वतःच ई-बुक करून काढलं. फोनवर जोडाक्षरं तुटलेली दिसली, की चष्मा कपाळावर सारून ते पुन्हा सगळं नीट बसवत. नेहरू नगरात भेटेल त्याला म्हणत, "रिव्ह्यू देजो बाप्पा." आम्ही सगळ्यांनी न वाचताच पाच-पाच तारे दिले. "काय आवडलं?" असं त्यांनी विचारलं, की आम्ही चहाकडे बघायचो.

मग एक तारा आला. भट्टीवरच्या अपघातात गेलेल्या त्यांच्या सोबत्याच्या मुलीनं लिहिलं होतं, "अपघात आहे. माझ्या बाबांचं नाव नाही."

"त्याचं नाव लिहाले हात नाही उचलला," काका म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी नाव घातलं.

मी म्हटलं, "आता तिला तारे वाढवायला सांगा."

"कावून? वाचलं तर तिनंच वाचलं."