पिलारबाईंसाठी एक विशेषण

शेषेराव सरांच्या मते जगातल्या कुठल्याही प्रश्नाला चार पर्याय असतात. त्यातले दोन उघड चुकीचे असतात आणि उरलेल्या दोहोंत माणूस फसतो. लातूरच्या ट्युशन एरियात त्यांचे जीवशास्त्राचे क्लास होते. बाहेरच्या भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरापोरींचे फोटो आणि आत ‘चिकाटी हेच यश’ अशी पाटी. आज भाजी कुठली करू, असं बायकोनं, उज्वलानं, विचारलं तरी सर आधी पर्याय मागायचे आणि मग एकेक बाद करत जायचे. शेवटी तीच सगळे पर्याय बाद करायची नि पिठलं टाकायची.

अशा माणसाला दोन हजार चारच्या मार्चमध्ये स्पेनहून पत्र आलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावाबाहेर तंबूत जो परदेशी दवाखाना लागला होता, तिथल्या पिलार नावाच्या नर्सबाई आता निवृत्त होणार होत्या. सहकाऱ्यांनी त्यांना एक वही भेट द्यायचं ठरवलं होतं. बाईंनी ज्यांची ज्यांची सेवा केली, त्यांनी एकेक पान पाठवायचं. पानावर आपला फोटो, बाईंचं वर्णन करणारं एकच स्पॅनिश विशेषण आणि खाली सही.

सरांची आई सिंधुबाई त्या तंबूत तीन महिने होती. भिंत अंगावर येऊन तिचा उजवा पाय चेचला होता. तो पाय आज जागेवर होता, आणि अकरा वर्षांत सरांनी त्या बाईंना साधं दोन ओळींचं पत्र टाकलं नव्हतं. याची त्यांना लाज वाटत होती. आता आभार मानायचे तर एका शब्दात, म्हणजे तो शब्द चुकून चालणारच नव्हतं.

हैदराबादच्या मेव्हण्याकडून त्यांनी स्पॅनिशचा जाडजूड शब्दकोश मागवला. ‘चांगली बाई’ म्हणायला त्या भाषेत इतके शब्द निघाले की सर घाबरले. मग सवयीप्रमाणे त्यांनी चार ठेवले. आमाब्ले, म्हणजे सौजन्यशील. सिम्पातिका, म्हणजे लाघवी. बोन्दादोसा, दयाळू. कारिन्योसा, मायाळू. सगळेच बरोबर वाटत होते, आणि सगळेच पर्याय बरोबर असलेला प्रश्न सरांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेव्हा त्यांनी जे केलं ते लातुरातच घडू शकतं. रविवारच्या टेस्टमध्ये शेवटचा प्रश्न म्हणून त्यांनी तो घातला, निगेटिव्ह मार्किंगसकट. एकशे दहा जणांपैकी बासष्ट जणांनी ‘आमाब्ले’ला टिक केलं, कारण तो पहिला होता. काहींनी ‘वरीलपैकी सर्व’ असा पाचवा पर्याय स्वतःच तयार केला. संध्याकाळी उदगीरहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. स्पॅनिश सिलॅबसमध्ये कधी आलं, आणि आलंच असेल तर त्याच्या नोट्स का दिल्या नाहीत, असं ते फार काळजीनं विचारत होते.

कंधारच्या मनस्विनीनं, बॅचच्या टॉपरनं, तो प्रश्न कोरा सोडला होता. सरांनी तिला बोलावून कारण विचारलं.

“बाई कशी होती ते प्रश्नात कुठं दिलंय, सर?” ती म्हणाली. “पेशंटला विचारल्याबिगर टिक कशी करू?”

सर चिडले. मग त्यांच्या लक्षात आलं. पेशंट घरीच होता, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

सिंधुबाई ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. सरांनी चारही अर्थ मराठीत वाचून दाखवले. प्रत्येक अर्थाला तिनं मान हलवून नाही म्हटलं. लाघवी म्हटल्यावर तर ती हसलीच.

“लई हेकट बाई होती ती,” ती म्हणाली. “समदे डागदर म्हणून राहिले, पाय काढा. मीबी म्हणलं, काढा बाई, सोसवत न्हाई. तू कागदावर सही केलतीस. तिनं तो कागद घेतलाच न्हाई. तीन दिवस माझ्या पायापाशी बसली, अन् माझ्यावरच खेकसायची.”

सही केली होती, हे खरं होतं. सरांनी ती गोष्ट उज्वलालाही कधी सांगितली नव्हती.

त्यांनी पुन्हा शब्दकोश उघडला. हट्टीपणाचीही तिथं रांग होती. त्यातला ‘तेनास’ म्हणजे चिकाटीचा, स्तुतीला चालणारा. ‘तेर्का’ म्हणजे हेकट, आणि पुढे कंसात ताकीद, बहुधा निंदेसाठी. सरांनी शहाण्यासारखं ‘तेनास’ सुवाच्य अक्षरात लिहिलं. आईनं अर्थ विचारला. चिकाटीची, त्यांनी सांगितलं. ते तर तुझ्या क्लासातल्या पाटीवर हाय की, असं म्हणून ती डाळीकडे वळली. निरोपाच्या वहीत कुणी हेकट लिहितं का, हे सर तिला समजावत राहिले, पण ती ऐकेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी पाकीट टाकायला मी येणार, असं तिनं जाहीर केलं, आणि तेही चालत. एप्रिलचं ऊन रणरणत होतं. सरांनी रिक्षा थांबवली, तिनं ती परत पाठवली. मग सिंधुबाई लंगडत पुढे आणि सर स्कूटरवर बसून ती पायानं रेटत तिच्या मागे, अशी ती वरात मेन रोडनं निघाली. दोन विद्यार्थ्यांनी सरांना नमस्कार केला आणि तोंड फिरवून हसून घेतलं. पोस्टाच्या पायऱ्यांशी सरांनी हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला आणि कठड्याला धरून, उजवा पाय आधी टाकत ती वर गेली.

खाली उभं राहून सर तो पाय बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. चिकाटीनं हा पाय वाचला नव्हता. चिकाटी तर सगळ्याच डॉक्टरांत होती.

आत डिंकाच्या टेबलाशी त्यांनी पाकिटातून पान बाहेर काढलं. खाडाखोड कराल तर पेपर बाद, असं वर्षानुवर्षं पोरांना बजावणाऱ्या माणसानं ‘तेनास’वर आडवी रेघ मारली आणि बाजूला ‘तेर्का’ लिहिलं.

“काय लिवलंस?” आईनं विचारलं.

“हेकट.”

“आता वळखील ती,” सिंधुबाई म्हणाली.

सर खाली सही करायला वाकले, तेव्हा तिनं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली आपल्या नावाची तेवढीच तीन-चार अक्षरं तिला येत होती.

“तवा तू केलतीस,” ती म्हणाली. “ह्या बारीला मी करते.”