काकांना आवरा

ताई गेली बारा वर्षं क्लबांत आणि गाण्याच्या कार्यक्रमांत व्हिडिओ काढते. उंच, किडकिडीत आणि तासन्‌तास एका जागी न हलता उभी राहणारी, म्हणून मामानं तिचं नाव ‘ट्रायपॉड’ ठेवलं आणि घरात ते चिकटलं. लोकांना वाटतं तसं हे काम झगमगीत नाही. कानात बोळे घालायचे, धूर सोडणाऱ्या यंत्राचा तेलकट थर लेन्सवरून सारखा पुसत राहायचं, नाचणाऱ्यांची कोपरं बरगड्यांत खायची. हॉल अर्धा रिकामा असेल तर कॅमेरा कमरेइतका खाली धरून तो खच्चून भरल्यासारखा दाखवायचा. यात ती पटाईत होती. क्लबचा मॅनेजर म्हणायचा, "हिच्या हातात कॅमेरा दिला की सहा माणसांची साठ होतात."

त्या क्लबात रविवारी दुपारी जुन्या गाण्यांचा बँड वाजायचा. दुपारची ती जागा अगदीच केविलवाणी दिसते. पडद्यांच्या फटींतून ऊन आत येतं, फरशी पुसल्याचा वास असतो आणि तरी बूट चिकटतात. अशाच एका रविवारी ताईला मनासारखं काही मिळत नव्हतं. तेवढ्यात पन्नाशीचा एक जाडजूड माणूस एकटाच मधे आला. रेघारेघांचा शर्ट व्यवस्थित खोचलेला, चष्मा जाड. त्यानं डोळे मिटले आणि नाचायला लागला. ताल एकीकडे, हा दुसरीकडे. कडेला दोन मुली एकमेकींना चिमटे काढत हसत होत्या. ताईनं कॅमेरा वळवला आणि त्याला अगदी जवळून घेतलं.

घरी येऊन तिनं तो तुकडा कापला, थोडा हळू केला आणि त्याचं पोट हललं की स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज येईल अशी गंमत केली. वर लिहिलं, ‘काकांना कुणीतरी आवरा!’ मी शेजारीच बसले होते. ‘अजून एकदा लाव ना’ म्हणत मी पोट धरून हसले, हे आधीच सांगून टाकते.

मॅनेजरनं तो व्हिडिओ टाकला आणि चार दिवसांत जो तो तोच एकमेकांना पाठवायला लागला.

दोन महिन्यांनी आईची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणल्यावर व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ येणार होते. सकाळी नऊला बेल वाजली, मी दार उघडलं. तोच जाड चष्मा. शर्टसुद्धा तोच.

"नमस्कार. आईंच्या व्यायामासाठी आलोय."

मी मागे वळून पाहिलं. ताईच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं त्यांच्यापुढे न करता स्वतःच पिऊन टाकला.

मग ते रोज यायला लागले. आईचं एकेक बोट उघडायचे, मिटायचे. आई चिडून रडायला लागली की म्हणायचे, "रडा, पण बोट हलवत रडा." आई रडता रडता हसायची. तीन आठवड्यांत तिला चमचा धरता आला. ताई मात्र ते आले की दुसऱ्या खोलीत जायची. मी म्हटलं, "सांगून टाक एकदाचं." ती म्हणाली, "कुठल्या तोंडानं सांगू? आईचा हात बरा होऊ दे."

त्याआधीच मावशीनं घोळ घातला. आईचं मन रमावं म्हणून ती तिला काहीबाही पाठवायची. एका सकाळी व्यायाम चालू असताना आईनं डाव्या हातानं मोबाईल उचलला आणि तोच व्हिडिओ लागला. स्प्रिंगचा तो आवाज खोलीभर झाला. आई अर्ध्या ओठांनी खळखळून हसली, मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि अडखळत म्हणाली, "हा... अगदी... तुमच्यासारखा."

"मीच आहे तो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला नाचायला फार आवडतं. येत नाही, पण आवडतं. आता नाही जात."

आईचं हसू तिथल्या तिथे थिजलं. ताई स्वयंपाकघरात होती. तिनं नळ पूर्ण सोडला आणि ते जाईपर्यंत बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते निघाले तशी ती त्यांच्यामागे जिन्यात गेली. मी दारातच उभी राहिले.

"तो व्हिडिओ मी काढलाय," ती म्हणाली. "तो आवाजही मीच घातला. वरचं वाक्यही माझंच."

ते चष्मा काढून पुसत राहिले. मग विचारलं, "काढताना हसू आलं होतं तुम्हांला?"

‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं! ताई म्हणाली, "हो."

"बरं." त्यांनी चष्मा घातला. "आईंना उद्यापासून भिंतीला हात टेकवून उभं करा. सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा वेळा." आणि ते खाली उतरून गेले.

ताईनं मॅनेजरला गाठून व्हिडिओ उतरवायला सांगितला. "अहो बाई, फुकटची जाहिरात आहे ती," तो म्हणाला. पुढच्या कार्यक्रमाचं चित्रण देणार नाही म्हटल्यावर त्यानं व्हिडिओ काढून टाकला आणि ताईलाही कामावरून काढलं. पण तोवर तो इतक्या ठिकाणी पोचला होता की कुणाकुणाच्या पाया पडणार? फिजिओ मात्र आई काठी घेऊन चालायला लागेपर्यंत येत राहिले. एक दिवसही चुकवला नाही. फक्त पूर्वी व्यायामानंतर आईशी दहा मिनिटं गप्पा मारायचे, ते बंद झालं.

ताई आता कुणालाही जवळून घेतलं की लगेच त्याला दाखवते, ‘ठेवू का?’ विचारते. बाकीचे कॅमेरेवाले तिला ‘परवानगीबाई’ म्हणतात.

गेल्या महिन्यात बागेतल्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमात मी तिच्या मदतीला गेले होते. मागच्या रांगेशी आईचे फिजिओ उभे दिसले. हाताची घडी, पण पाय ठेका धरत होता आणि खांदे हळूहळू सुटत होते. तेवढ्यात त्यांची नजर ताईवर गेली. पाय थांबला. ते दोन पावलं सरकून खांबाआड गेले.

ताईचा कॅमेरा स्टेजकडेच होता. तरी तिनं तो खाली घेतला, दोन्ही हातांनी लेन्स झाकली आणि खांबाकडे पाहत राहिली. ते बाहेर आले नाहीत.

नंतर आयोजकानं फोन केला. "सगळं छान आहे हो, पण प्रेक्षक कुठेत? एकही माणूस दिसत नाही."

"नाही घेतले," ताई म्हणाली.