खंडेनवमीला पुसली गेलेली ड्रॉइंग्ज

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीची सगळी ड्रॉइंग्ज मी घालवली. बायकोलाही हे ठाऊक नाही. कंपनीत सगळ्यांची समजूत अशी, की ती ड्राफ्ट्समन काकांनी घालवली. ती समजूत मीच करून दिलेली.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही पंप बनवायचो. काका डोंबिवलीजवळच्या मानपाड्याहून यायचे. उभा जन्म ड्रॉइंग बोर्डावर गेलेला आणि पन्नाशीनंतर मालकांनी त्यांच्यापुढे विंडोजचा कॉम्प्युटर ठेवला. ते शिकले. रोज संध्याकाळी दिवसभराचं काम फ्लॉपीवर उतरवायचे, वर पेन्सिलीने तारीख घालायचे. मी कॉम्प्युटरवाला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून एका जुन्या मशीनवर लिनक्स, ती पेंग्विनच्या चित्राची फुकट सिस्टीम, चढवलेलं, त्याची मला भारी घमेंड. मी एक स्क्रिप्ट लिहिली. रोज दुपारी चार वाजता लिनक्सने नेटवर्कवरून काकांचं शेअर केलेलं फोल्डर जोडून घ्यायचं आणि आपल्याकडची प्रत त्याच्याशी तंतोतंत जुळवायची. तिकडे नवीन आलं ते घ्यायचं, तिकडे नाही ते इकडूनही काढून टाकायचं.

"काका, आता फ्लॉप्या बंद करा. किती दिवस ते डबे सांभाळणार?"

"नक्की ना रे? नाहीतर तुझा तो पेंग्विन खाऊन टाकेल सगळं."

"नाही खात. माझी जबाबदारी."

काकांनी जुन्या फ्लॉप्या पुसून ऑफिसात वाटून टाकल्या. पण स्क्रिप्टमध्ये एक खोट होती, आणि ती मला माहीत होती. विंडोजचं मशीन बंद असेल तर फोल्डर जोडलं जात नसे. पण लिनक्सवर ते जिथे जोडायचं ती जागा असायचीच, रिकामी. स्क्रिप्ट त्या रिकाम्या जागेलाच काकांचं फोल्डर समजे आणि आपली प्रत पुसून मोकळी होई. एकदा काकांच्या टेबलाचा फ्यूज उडाला तेव्हा असं झालेलं. दुसऱ्या दिवशी सगळं परत कॉपी झालं, म्हणून मी गप्प बसलो. फोल्डर जोडलं गेलंय का, एवढं आधी तपासणारी एक ओळ घालायची होती. घालू, म्हटलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं थांबवून पुजायची. लेथ, ड्रिल, सगळ्यांना झेंडूचे हार. काका आपला कॉम्प्युटरही पुजायचे. माझं लिनक्स मात्र मी चालूच ठेवलेलं. ते कधी बंद करावं लागत नाही, हे मला मिरवायचं होतं. स्क्रीन पुसता पुसता काकांनी विचारलं, "आज आणि उद्या बंद ठेवतोय हां. तुझ्या कॉपीला काही नाही ना होणार?"

मी पेढा खात होतो. "बिनधास्त ठेवा, काका."

चार वाजता स्क्रिप्ट चालली. दसरा झाल्यावर काकांनी मशीन लावलं, तर आधीच कुरकुरणारी डिस्क काही केल्या फिरेना. ते हसतच माझ्याकडे आले. "चल, काढ तुझी कॉपी. आता बघू पेंग्विनची करामत."

फोल्डर रिकामं होतं.

मालकांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेर सगळे ऐकत होते.

"फ्लॉप्या बंद करायला सांगितलं कोणी?"

"ह्याने," काका म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी असं कधीच बोललो नाही, साहेब. आणि न विचारता मशीन बंद केलं तर कॉपी राहणार कशी?"

काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बरं. म्हणजे खोटं मी बोलतोय."

खाली येऊन मी ती ओळ घातली. दोन मिनिटं लागली.

काकांना पुन्हा बोर्डावर बसवलं, वर्कशॉपमधल्या तेलकट ब्लूप्रिंटांवरून सगळं नव्याने काढायला. कँटीनमध्ये पोरं विचारायची, "काय काका, आज काय पुजलंत?" मीही हसायचो. दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचा साधा चहासुद्धा झाला नाही. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

काका अजून मानपाड्यालाच राहतात. मी डोंबिवलीत, रिक्षाने जेमतेम वीस मिनिटांवर. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकोमुलांसमोर, खोटं मी बोललो होतो, हे सांगणं माझ्याकडून राहिलंय. अजून गेलेलो नाही.