पायरीशी काढलेले बूट

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या चोरीतला, हेही कधी कधी नीट आठवत नाही. मुळशीतल्या त्या श्रावणातल्या दोन दिवसांचं मात्र तसं झालेलं नाही, ते मला हवे तेव्हा डोळ्यांपुढे उभे करता येतात. नावं मी सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून हयात असतील, आणि त्यांची मुलं-नातवंडं तर नक्कीच आहेत.

पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि मी पौडला फौजदार होतो. पावसाळ्यात आमच्या ठाण्याचा निम्मा वेळ दफ्तराची कपाटं गळतीखालून इकडून तिकडे सरकवण्यात जायचा. टेलिफोन एकदा बंद पडला की आठवडाभर मुका. अशाच एका रविवारी संध्याकाळी तिघं जण नखशिखान्त भिजून ठाण्यात आले. पुण्यातल्या एका कचेरीतले कारकून. त्यांच्यात एक पन्नाशीचे हेडक्लार्क होते, दुसरा मध्यम वयाचा आणि तिसरा नुकताच नोकरीला लागलेला. सकाळी चौघं मिळून सहलीला आले होते. डोंगरातली बौद्ध लेणी पाहायची, मग खालच्या धबधब्यावर जेवायचं आणि शेवटच्या एस.टी.ने परत, असा बेत होता. चौथा आता त्यांच्यासोबत नव्हता.

"धबधब्यावर त्याचा पाय घसरला," हेडक्लार्क म्हणाले. "हात देईपर्यंत दिसेनासा झाला."

दुसऱ्याला विचारलं. पाय घसरला, हात देईपर्यंत दिसेनासा झाला. तिसऱ्यानेही मान खाली घालून तेच सांगितलं.

मला हे खटकलं. अपघात पाहिलेली माणसं अशी एकसारखी बोलत नाहीत. एकाला आधी आवाज ऐकू आलेला असतो, दुसऱ्याला नुसती टोपी वाहताना दिसलेली असते, तिसरा नेमका भलतीकडे बघत असतो. पण खटकलं म्हणून बुडालेल्या माणसाचा शोध काही थांबवता येत नाही. खबर नोंदवली, हवालदाराला आणि दोन शिपायांना घेतलं आणि एक मालट्रक थांबवून धबधब्याजवळच्या गावाकडे निघालो. तिघांनाही बरोबर घेतलं. पोलीस पाटलाने दोर, गळ आणि पोहणारी माणसं जमवली. अंधार पडेपर्यंत डोह ढवळला. हाती काही लागलं नाही.

चौथा माणूस तिशीचा होता. पुण्यात त्याची बायको आणि लहान मुलगी वाट पाहत होती. नागपूरच्या दीक्षेनंतर त्यानेही धम्माची दीक्षा घेतली होती, एवढं हेडक्लार्क ओघात बोलून गेले. मी विचारलं नव्हतं. न विचारता माणूस जे सांगतो, ते मी नेहमी बाजूला काढून ठेवतो.

सकाळी पुन्हा पाण्यात माणसं उतरली. हेडक्लार्कना आता घरी जाण्याची घाई झाली होती. "साहेब, पंचनामा उरकून टाका," ते म्हणाले. "त्याच्या घरी कळवायला तर हवं."

"काय कळवू?"

"आता जे झालं ते."

"प्रेत दिसल्याशिवाय मी एका बाईला विधवा करणार नाही," मी म्हणालो. पाटलालाही माझं म्हणणं पटलं नसावं, कारण तो उगाचच दोर गुंडाळायला लागला.

त्याच वेळी काठावर बसलेली एक कातकरी बाई उठून हवालदाराजवळ आली. धबधब्याखालच्या खडकांत खेकडे धरायला ती रोज यायची. आमची धांदल ती बराच वेळ बघत होती.

"कुनाला हुडकताय?" तिने विचारलं.

"काल हितं एक मानूस बुडाला," हवालदार म्हणाला.

"काल मी हितंच व्हते की. तिघं आलते. जेवलं न् गेलं. कुनी बुडालं न्हाई."

पाटील हसला. "सायेब, तिचं काय मनावर घेताय? ती खेकडी धरनार का मानसं मोजनार?"

"मानसं आली की खेकडी बिळात जात्यात, पाटील," ती शांतपणे म्हणाली. "मंग दुसरं काय बगायचं? तीनच व्हती."

मला एवढं पुरेसं होतं. पोलिसाची अक्कल म्हणजे फार मोठं काही नसतं. एकाच वेळी सगळ्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. तिघांना वेगवेगळं उभं केलं, एकमेकांना दिसणार नाहीत असं. मग एकेकाला खडकांवर नेलं आणि एकच गोष्ट सांगितली. तो जिथून घसरला, त्या दगडावर जाऊन उभे राहा.

हेडक्लार्क डोहाच्या वरच्या काळ्या कातळावर जाऊन उभे राहिले. दुसऱ्याने पार पलीकडचा, झाडाजवळचा दगड दाखवला. तिसरा, तो तरुण कारकून, चार पावलं गेला, थांबला, परत फिरला आणि माझ्यासमोर येऊन रडायला लागला.

"तो इथे आलाच नव्हता साहेब."

"मग कुठे आहे?"

"लेण्यात राहिला."

राग मलाही येतो आणि तेव्हा फार आला. रात्रभर एक माणूस डोंगरावर होता आणि आम्ही त्याला पाण्यात शोधत होतो. पण रागाच्या भरात जबाब नीट होत नाही, म्हणून मी आधी दगडावर बसलो आणि मग त्याला बोलू दिलं.

हकीकत साधी होती. पावसाची सर आली म्हणून चौघं चैत्यगृहात शिरले. गावकरी त्या लेण्याला पांडवांचं घर म्हणतात, पावसात गुरं बांधतात. यांनी तिथेच स्टोव्ह पेटवला. हेडक्लार्क बुटांसकट स्तूपाच्या ओट्यावर चढून बसले आणि चहा मागू लागले. चौथा म्हणाला, "साहेब, तेवढं खाली बसा. हे आमचं देवस्थान आहे." यावर हेडक्लार्क म्हणाले, "तुमचं कधीपासून झालं? दोन वर्षांपूर्वी?" आणि दोघं हसले. तरुण कारकूनही हसला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. चौथा "तुम्ही व्हा पुढे," एवढंच म्हणाला. हे तिघं मागच्या वाटेने धबधब्यावर उतरले.

तो जेवायला आला नाही. एस.टी.ची वेळ झाली तेव्हा यांनी ओढ्यातूनच दोन-चार हाका मारल्या, वर कोणी चढलं नाही. मग गाडी चुकली आणि भीती बसली. भांडण करून एकट्याला मागे टाकलं, त्याचं काही बरंवाईट झालं असेल तर लोक आपणच ढकलला म्हणतील. अस्पृश्यतेचा कायदाही नवा होता. धबधब्याचं नाव घेतलं की कोणावर आळ येत नाही, असा हेडक्लार्कचा हिशोब.

"तो रुसून दुसऱ्या वाटेने पुण्याला गेला असेल," हेडक्लार्क आता म्हणू लागले. आदल्या दिवशी बुडवलेल्या माणसाला ते आता एस.टी.त बसवायला निघाले होते. सगळ्यांना घेऊन पुढच्या वाटेने लेण्याकडे चढायला लागलो.

कोरलेल्या पायऱ्या सुरू होतात, तिथे एका कपारीत बुटांची जोडी दिसली. टाचा भिंतीला लावून नीट ठेवलेली. आत मोज्यांच्या घड्या. पावसाने बूट काठोकाठ भरले होते.

"हे त्याचेच," तरुण कारकून म्हणाला. "आम्ही तसेच वर गेलो. तो मागे राहून काढत होता."

मी हेडक्लार्ककडे वळलो. "माणूस रुसून जाईल. पण अनवाणी पुण्याला जाणार नाही."

चैत्यगृह रिकामं होतं. स्तूपाचा ओटा कोणीतरी धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता आणि वर रानटी तेरड्याची फुलं ठेवलेली होती. पुढे भिक्षूंच्या खोल्यांकडे जाणारी अरुंद वाट होती, तिच्या मधल्या पायऱ्या पूर्वीच ढासळल्या होत्या. त्या जागी शेवाळ ताजं खरवडलेलं होतं. आम्ही हाका मारल्या. वरून पडणाऱ्या पाण्यापुढे आमचाच आवाज आम्हाला ऐकू येईना. हवालदार पोटावर झोपला आणि कडेवरून डोकं खाली घालून राहिला. बराच वेळ तो हलला नाही.

"सायेब, दगूड वाजतोय," तो म्हणाला.

मीही कान लावला. पाण्याच्या आवाजाखालून टक्, टक् असं येत होतं. मध्ये थांबून पुन्हा टक्, टक्. दोर बांधून दोन शिपाई खाली सोडले. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, कारवीच्या जाळीत तो अडकला होता. एक पाय मोडलेला, घसा पार बसलेला, हातात दोन दगड. ओरडून ओरडून आवाज गेल्यावर त्याने दगड आपटायला सुरुवात केली होती आणि रात्रभर ते सोडले नव्हते.

घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणलं. पायऱ्यांशी आल्यावर त्याने हाताने खूण केली. हवालदाराने बूट पालथे करून पाणी काढलं आणि त्याच्या छातीवर ठेवले. हेडक्लार्क झोळीला हात लावायला पुढे झाले तेव्हा पाटील मध्ये आला. "तुमी ऱ्हावू द्या," एवढंच तो म्हणाला.

खोटी खबर दिल्याबद्दल मी हेडक्लार्कवर आणि त्या दुसऱ्या कारकुनावर खटला भरला. मिटवून टाका म्हणून माझ्याकडे वरून आणि खालून बरीच माणसं आली. मी मिटवलं नाही. तरुण कारकून साक्षीला उभा राहिला आणि आपण हसलो होतो, हेही त्याने कोर्टात सांगितलं. शिक्षा दंडाची झाली. कमीच झाली, असं मला आजही वाटतं.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. मोठं खोटं बोलणाऱ्याने मोठा गुन्हाच केलेला असतो असं नाही. पुष्कळदा त्याला एक छोटीशी लाज झाकायची असते, आणि ती झाकायला तो दुसऱ्याचा जीवही खर्ची घालतो. त्यानंतर तपासात मी आधी विचारायला लागलो, की इथे लाज कोणाला वाटते आहे.

ससूनमध्ये त्याचा जबाब घ्यायला गेलो तेव्हा त्याची मुलगी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. आवाज थोडा परतला होता. जबाब संपल्यावर मी सहज म्हणालो, "एवढ्या पावसात, शेवाळावर, बूट काढायची काय गरज होती? बूट असते तर कदाचित पाय घसरला नसता."

त्याने हाताने खूण करून मुलीला जवळ बोलावलं.

"साहेब, माझा आजा देवळाच्या बाहेर उभा राहिला, बाप बाहेर उभा राहिला, मीही राहिलो," तो म्हणाला. "बाहेर उभं राहणाऱ्याला पायातलं काढावं लागत नाही. काढायची वेळ आमच्या घरात पहिल्यांदाच आली होती."