रांग संपेपर्यंत

दौंडला पियानो शिकले असं सांगितलं की लोक आधी हसतात. दौंडात पियानो कुठला? होता. रेल्वे कॉलनीत एका इंजिन ड्रायव्हरच्या विधवा बायकोकडे होता, आणि त्या बाईंना आम्ही सगळे मिस म्हणायचो. माझे वडील रेल्वेत गार्ड. आम्ही ख्रिस्ती. चर्चमध्ये आपल्या घरातल्या कुणीतरी वाजवावं ही आईची हौस, म्हणून तिनं आम्हा दोघी बहिणींना मिसकडे घातलं. धाकटी दोन महिन्यांत परत आली. मिसनं एकदा वाजवून दाखवलं की ती ते ऐकूनच वाजवायची आणि पुढं आपलं काहीबाही जोडायची. मिस आईला म्हणाल्या, "हिला नका पाठवू. लिहिलंय ते हिला नको असतं."

मला लिहिलेलंच हवं असायचं. पुण्याला जाऊन एकेक ग्रेडची परीक्षा देत गेले, पॅसेंजरमध्ये मांडीवर बोटं चालवत. सगळ्या पास झाले.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन शिरूरला आले. नवरा एसटी डेपोत मेकॅनिक. इथल्या चर्चमध्ये कुण्या जमान्यातला पियानो धूळ खात पडला होता. मला वाजवता येतं हे कळताच पाळकसाहेबांनी पुण्याहून माणूस आणून तो सुरात लावून घेतला आणि दर रविवारचं काम माझ्या गळ्यात पडलं. गीतांचं काही अवघड नव्हतं. कडवी मोजायची, संपवायचं. अडलं ते प्रभुभोजनाला.

प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला लोक रांगेनं पुढं येतात. तेवढा वेळ पियानोवर हळू काहीतरी चालू ठेवायचं असतं. पहिल्याच वेळी मी परीक्षेतला एक सुंदर तुकडा घेतला. तो संपला आणि रांग अर्धीच झालेली. चर्चमध्ये शांतता. कुणी खोकलं, कुणाची चप्पल वाजली. पाळकसाहेबांनी हातातला प्याला तसाच धरून माझ्याकडं पाहिलं. मी घाबरून तोच तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. आता रांग संपली आणि माझं संपेना. मध्येच कसं तोडायचं? सगळी मंडळी माना खाली घालून माझी वाट बघत उभी.

बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, जरा कमीजास्त करता येत न्हाई का? मी बघा, लोकं बघून प्रार्थना लांबवतो, आन् बघूनच आखडती घेतो."

"साहेब, ते तसं लिहिलेलं असतं."

"मग न लिहिलेलं वाजवा की!"

किती सोपं! रात्री भाकरी थापतानाही ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी चर्चची किल्ली मागून घेतली, पुस्तक मिटलं आणि बसले. काहीच येईना. बोटं पट्ट्यांवर ठेवली की ती आपोआप कुठल्यातरी परीक्षेच्या तुकड्यात शिरत. तिथून ओढून काढली की मुकी. इतकी वर्षं घासली, आणि कागद काढून घेतला तर मला 'बाळा जो जो'सुद्धा धड वाजवता येत नव्हतं.

शेवटी दौंडची एसटी धरली. धाकटी तिथंच राहायची, लग्नांत आणि हळदीत ऑर्केस्ट्राबरोबर कीबोर्ड वाजवायची. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी येण्याचं कारण सांगितलं, तर ती आधी पोटभर हसली.

"ताई, त्यात शिकायचं काय? असंच वाजवायचं."

"असंच म्हणजे कसं?"

"असंच म्हंजी असं." आणि तिनं डोळे मिटून काहीतरी फार गोड वाजवलं.

"आता काय केलंस ते सांग."

"मला काय माहीत? वाजवलं."

मला तिचं डोकं फोडावंसं वाटलं. महिनाभर मी जात राहिले, आणि दर वेळी हेच. मी विचारायचे डावा हात कुठं गेला, ती म्हणायची गेला असंल कुठंतरी. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत घरी परतायचे. नवऱ्यानं घरासाठी छोटा कीबोर्ड आणला होता, त्यावर बसायचे. तो हातपाय धुऊन यायचा आणि विचारायचा, "हे कुठलं गाणं?"

"कुठलंच नाही."

"मग वाजवतेस कशाला?"

एकदा दौंडला भांडण झालंच. मी म्हटलं, "तू शिकवत नाहीस, सूड घेतेस."

ती जराही चिडली नाही. "घेत असंन थोडा. त्या मिसनं मला घालवलं तवा मी आठवडाभर रडले होते. पण ते राहू दे. हे तीन सूर धर. फक्त तीन. चौथ्याला हात लावायचा न्हाई."

"तीन सुरांत काय वाजवू?"

"कंटाळा येईपर्यंत वाजव."

मी वाजवलं. कंटाळा लगेच आला. तिला सांगितलं, तर म्हणाली, "वाजव." मग राग आला. मी ते तीन सूर आपटले, एक लांबवला, दोन झटकन उडवले, पुन्हा आपटले. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "हां! हे! हे कुठं लिहिलं होतं?"

कुठंच नव्हतं. ते मी माझ्या रागानं केलं होतं. तेवढ्यानं काही मी खूष झाले नाही. एवढ्या वर्षांच्या शिक्षणानंतर तीन सूर ही काय कमाई? पण घरी येऊन पुन्हा तेच केलं. मग चार सूर. मग गीताची एखादी ओळ घ्यायची आणि तिचं शेपूट बदलायचं. बरंचसं टुकार व्हायचं.

त्या हिवाळ्यात आमच्या चर्चमध्ये एक लग्न होतं. धाकटी पाहुणी म्हणून आली होती. नवरी येताना तिच्या पावलांना ताल देणारी एक ठरावीक धून, मार्च, वाजवायची, असं नवरीच्या आईनं मला चारदा बजावलेलं. नवरदेव उभा, मंडळी बसलेली, आणि नवरीची जीप येईना. न्हावऱ्याजवळ उसाची ट्रॉली उलटून रस्ता बंद झालाय असं कुणीतरी सांगत आलं. पाळकसाहेबांनी मला हातानं खूण केली. चालू ठेवा.

जवळ होते तेवढे कागद वाजवून संपवले. मग एक गीत घेतलं आणि त्याचं शेपूट बदललं. पुन्हा बदललं. एकदा भलत्याच काळ्या पट्टीवर बोट पडलं, आणि थांबता येत नव्हतं म्हणून तिथूनच पुढं निघाले. जरा वेळानं लक्षात आलं, आपण वाजवतोय. आणि कुणीही ऐकत नाहीये! मंडळी उसाच्या भावावर बोलत होती, बायका साड्या बघत होत्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मी करत होते आणि चर्चमध्ये बाजार भरला होता.

एकदम दार उघडलं. नवरी आली. आता मार्च. पण मी होते एका सुरावर आणि मार्च सुरू होतो भलत्याच पट्टीत. तिकडं वळायचा रस्ताच सापडेना. मी शोधतेय, शोधतेय, आणि नवरी चालतेय. मला वाट सापडेपर्यंत ती नवरदेवाशेजारी पोचली होती. मी जिथं होते तिथंच हळू करून थांबले.

पाळकसाहेब फार खूष झाले. नवरीची आई मात्र जेवणाच्या पंगतीत माझ्या ताटाकडंही बघेना. माझा नवरा म्हणाला, "आज एकच गाणं लई वेळ चाललं."

धाकटीला स्टँडवर सोडायला गेले. तिनं शेवटी तोंड उघडलं. "मधी दोनदा घाबरलीस. बाकी ठीक. एका पट्टीतनं दुसरीत जायची सोपी युक्ती असती, पुढच्या खेपेला दाखवते."

"सोपी? मग आधी का नाही दाखवलीस?"

"तू विचारलंस कुठं?"

दौंडची गाडी लागली. ती चढली, खिडकीतून हात हलवत राहिली. मी इतकी भडकले होते की हात वर केला नाही. पुढच्या शनिवारी सकाळचा स्वयंपाक उरकला आणि ती युक्ती शिकायला दौंडला गेले.