माझं संगीत आणि लिनसाहेबांचा रुमाल

आता गाढवपणाचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर माझं ऐका. तुम्ही सगळे घरच्या घरी माती खाता. मी ती स्टेजवर उभं राहून, हातात माईक घेऊन खाल्लीय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो, राहायला अबुधाबीत. आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, यंदा ऐतिहासिक नाटक करायचं. दिग्दर्शन माझ्या बायकोचं, वैशालीचं. तिचं पहिलंच. मंडळातल्या जुन्या खोडांनी आधीच नाकं मुरडली होती. "वहिनी, हळदीकुंकू वेगळं, लढाई वेगळी." म्हणजे लढाई दणक्यात झाली नाही तर तिचं पुन्हा कुणी ऐकणार नव्हतं.

मावळे मिळाले. आमच्याकडचे चिपळूण-खेडचे वेल्डर शुक्रवारी कंपनीच्या बसने तालमीला यायचे. घोडं अडलं ढोल-ताशावर. तिकडे तो आणायचा कुठून, आणि फ्लॅटमध्ये बडवायचा कसा? वैशाली म्हणाली, "म्युझिकचं तू बघ." मला म्हणाली हं! मंडळाने मला आजवर फक्त चहाचं बघायला सांगितलं होतं.

दुबईला कामानिमित्त गेलो होतो, तिथे एका चिनी दुकानात सीडी दिसली. वर घोड्यावरचा सेनापती, मागे धूळ, आणि जवळजवळ भगवाच म्हणावा असा झेंडा. जुन्या काळातल्या लढाईवरच्या कुठल्याशा सिनेमाचं संगीत होतं. अक्षरं सगळी चिनी. मी झेंडा बघूनच घेतली.

घरी कुणी नसताना कॅसेटवर उतरवली. अहो, काय नगारे! त्यावर शंभरेक व्हायोलिनं, मधेच एकटी बासरी. आणि सातवा ट्रॅक म्हणजे कळसच. हळूहळू चढत जातो आणि शेवटी छाती भरून येते. मी ठरवलं, गड सर होतो आणि भगवा चढतो, तिथे हाच वाजणार.

इथपर्यंत माझं काही चुकलं का? नाही ना? पण कॅसेट वाजत असताना आमचे अध्यक्ष, कुलकर्णीकाका, चहाला आले. टेबलावर माझा कीबोर्ड होता. त्यावर मला वाढदिवसाचं गाणं तेवढं वाजवता येतं, तेही एका बोटाने.

"हे तू केलंस?" काकांनी विचारलं.

खरं सांगायला किती वेळ लागतो हो? पण मी नुसता हसलो. काकांना तो विनय वाटला. स्वयंपाकघरातून वैशाली धावत आली. "मला कधी बोलला नाहीस!" लग्नानंतर इतक्या कौतुकाने ती माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होती. मी म्हणालो, "जमलं आपलं." मग सीडी गेली कपाटात मोज्यांच्या खाली, कॅसेटची एक कॉपी गेली सांगलीला सासूबाईंकडे, आणि पत्रिकेत 'संगीत' या शब्दापुढे छापलं गेलं माझं नाव.

प्रयोगाला काकांनी त्यांच्या कंपनीचे चिनी सप्लायर आणले. लिनसाहेब. पहिल्या रांगेत बसवले. नाटक रंगलं. गड सर झाला, भगवा चढला, मावळे नाचायला लागले, सातवा ट्रॅक सुरू झाला.

आणि लिनसाहेब उभे राहिले. मान खाली, डोळ्यांना रुमाल.

पाहुणा उभा राहिल्यावर यजमान बसेल कसा? काका उठले. काका उठले म्हणून पहिली रांग उठली, आणि बघता बघता सगळा हॉल उभा. विंगेत वैशाली रडत होती.

पडदा पडल्यावर लिनसाहेबांना फेटा, शाल, श्रीफळ. काका माईकवर गहिवरले. "परक्या मुलखातल्या माणसाच्या डोळ्यांत आपल्या महाराजांसाठी पाणी आलं. या सुरांचा जनक कुठाय? बोलवा त्याला!"

तेव्हाही मला पोट दुखल्याचं सोंग करता आलं असतं. पण टाळ्या डोक्यात गेल्या होत्या. मी माईक घेतला आणि म्हणालो, "लहानपणी सह्याद्रीत हिंडताना ही धून मला वाऱ्यात ऐकू आली."

मग माईक लिनसाहेबांकडे गेला.

"आय ॲम व्हेरी हॅप्पी," फेटा सावरत ते म्हणाले, "यू नो अवर फिल्म." आणि मोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळंच सांगितलं. हा सिनेमा त्यांच्याकडे घराघरात पाहिलेला. त्यातला शेवटचा प्रसंग. सेनापती हरतो, गड पडतो, एकही सैनिक घरी परतत नाही. त्यांचे वडील फौजेत होते, ही धून लागली की उभे राहायचे. म्हणून तेही राहिले. मग त्यांनी काकांना अगदी साधेपणाने विचारलं, "बट व्हाय युवर सोल्जर्स डान्सिंग?"

मागून एक वेल्डर मावळा बोलला, "म्हणजे आम्ही हरलो काय?"

गाडीत मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, इजन्ट दॅट कॉपीइंग?" आदल्याच आठवड्यात मी तिला याच विषयावर भाषण दिलं होतं.

घरी आल्यावर वैशाली एवढंच म्हणाली, "सीडी आणली म्हणाला असतास तरी मला आवडलं असतं रे. माझ्यासाठी दुबईत शोधत फिरलास, हे मी मिरवलं असतं." तेव्हा जी लाज वाटली ना, ती स्टेजवरही वाटली नव्हती.

मग तिने सांगलीला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "आईला तू सांग."

सांगितलं. तर सासूबाई म्हणतात,

"जावईबापू, मला कॅसेट आली त्याच दिवशी कळलं. शेवटी एक बाई चिनीत गाते."

मेलो! उतरवताना शेवटपर्यंत मी ऐकलीच नव्हती. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? जावयाचं संगीत ऐकायला मीच अख्खी गल्ली जमवली होती. बाई गायला लागली तशा सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. म्हटलं, आमच्या जावयांची शिष्या आहे ती. आता रोज विचारतायत, गणपतीला येताना तिला घेऊन येणार का म्हणून. तुम्हीच बोला, काय सांगू त्यांना?"